बेससाठी पहिलं गाणं

ईरा, नील, पुढच्या हिवाळ्यासाठी नवे वॉकी-टॉकी पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. पाठवू नका. कारण लिहिते.

मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून मेजर म्हणून निवृत्त झाल्यावर माझं शेवटचं पोस्टिंग म्हणजे पौडजवळचं रिहे गाव. दर हिवाळ्यात आपलं कुटुंब इथे जमतं. शनिवारी दुपारी पुस्तकांची अदलाबदल, अंधार पडल्यावर अंगणात पांढऱ्या चादरीवर सिनेमा. रविवारी सकाळी साडेसातला घराजवळच्या डोंगराची चढाई आणि माथ्यावर गाणी.

चढाईची कमांड कायम पौडच्या सुभेदार मुलाणींकडे. मूळचे सैन्यातल्या सिग्नल्सचे, म्हणजे संदेशवहनाचे. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. मी त्यांना पायथ्याला जीपपाशी खुर्ची टाकून दिली आणि तुम्ही पाठवलेल्या दोन सेटपैकी एक हातात ठेवला.

"मुलाणी, तुम्ही बेस."

"म्हंजी पेन्शनीत अजून एक पेन्शन," ते म्हणाले. "बसतो मॅडम. पर गाणं हितवर आलं पायजे."

ठरलं. माथ्यावर पोचलं की बटण दाबून धरायचं आणि पहिलं गाणं बेससाठी म्हणायचं.

निघण्याआधी त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून एक नियम शिकवला. सैन्यात सरावाचा मेसेज 'एक्सरसाइज' या शब्दाने सुरू होतो. तो शब्द नसेल तर मेसेज खरा. "मंग इचारत बसायचं न्हाई. निघायचं."

तेजसने कडक सॅल्यूट ठोकला. माझा हा पुतण्या माण गावातल्या आयटी कंपनीत आहे, वय चाळीस. वाटेत तो म्हणाला, "काकू, मुलाणीचाचांना खुर्ची दिलीत, आता एखादं युद्धही द्या." सगळे हसले.

माथ्यावर मी डबे उघडत होते. दुसरा सेट तेजसकडे होता. कोणतं गाणं म्हणायचं यावर बाकीच्यांचा वाद चालला होता. तेजसने बटण दाबलं.

"टॉप टू बेस. मॅन डाउन. मॅन डाउन. ओव्हर."

"बेस टू टॉप. आलो. आउट."

मोठा हशा झाला. कुणीतरी मला गंमत सांगितली. मी सेट हिसकावून घेतला.

"बेस, मेसेज कॅन्सल. जागेवर थांबा. ओव्हर."

उत्तर नाही. जीपपासून निघालेली वाट लगेच ओढ्यात शिरते आणि ओढ्यात रेंज मिळत नाही. मी पुन्हा पुन्हा कॉल दिला. मग आम्ही धावत उतरलो.

ते अर्ध्या वाटेवर पडलेले सापडले. तोंड डोंगराकडे. पाठीवर फर्स्ट एडची पिशवी, खांद्यावर सिनेमाची चादर. उतरल्यावर नाश्त्याला अंथरायची म्हणून ती जीपमध्ये होती. त्यांनी स्ट्रेचरसाठी घेतली होती.

मी सीपीआर सुरू केला. माझे हात थकले तेव्हा तेजसला द्यायला लावला. नाडी आली नाही. त्याच चादरीतून आम्ही त्यांना खाली आणलं. डोक्याकडची दोन टोकं तेजसने धरली होती.

वर कुणीतरी पडलं म्हणून ते गेले, एवढंच त्यांच्या पत्नीला, हमीदाभाभींना, सांगण्यात आलं. सांगणारा तेजसच.

यंदाही तुम्ही दोघं सोडून सगळे जमले. पुस्तकं बदलली. सिनेमा भिंतीवर लावला. डोंगर कुणी चढलं नाही. पायथ्याला त्याच जागी रिकामी खुर्ची ठेवली, सावधान उभे राहिलो आणि पहिलं गाणं तिथेच म्हटलं, कारण ते द्यायचं राहिलं होतं. भाभींना बोलावलं होतं. गाणं संपेपर्यंत त्या डोंगराकडे पाहत होत्या. मग माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, ह्ये ज्याच्यासाठी पळाले, त्यो वाचला न्हवं?"

तेजस खुर्चीची घडी घालत होता. त्याचे हात थांबले.

"वाचला," मी म्हणाले.

"मंग बरं झालं," भाभी म्हणाल्या.