दुसरा ठराव

आमच्या नगरपालिकेत त्यांना सगळे नक्कलबाई म्हणायचे. तेवीस वर्षं त्या दप्तरातल्या कागदांच्या खऱ्या नकला काढून द्यायच्या. मूळ कागद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाईंचा शिक्का उठायचा नाही. प्रत्यक्ष देव आला असता तरी त्यांनी आधी अर्ज मागितला असता. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचो.

चार वर्षांपूर्वी नगराध्यक्षांनी गरिबांच्या सरकारी घरांच्या यादीतून अकरा विधवांची नावं उडवून आपले मेहुणे आणि भाचे घुसवले. जुन्या यादीची नक्कल बाईंकडे होती. चौकशीत अध्यक्षांच्या तोंडावर त्या म्हणाल्या, "मूळ यादी तुम्ही माझ्यासमोर फाडलीत." आम्ही बाकीचे शूरवीर तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो. अध्यक्षांना हटवण्याचा ठराव मंजूर झाला. बाईंचा धाकटा भाऊ सभागृहाचा सदस्य होता, त्यानेही हात वर केला. पुढे अध्यक्षांच्या माणसांनी बाईंच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं. बाई तेही सोसून गेल्या.

गेल्या सोमवारी हेच अध्यक्ष उमेदवारीचा अर्ज घेऊन हजर. "काय नक्कलबाई, ओळखलंत ना?" आणि वर हसणं.

हटवलेला माणूस पुन्हा उभा राहू शकतो का, हा प्रश्न निवडणूक अधिकाऱ्यांनाही पडला. त्यांनी नियम वाचून दाखवला. हटवणं हा एक ठराव, पुन्हा उभं राहायला बंदी हा दुसरा. दुसरा झाला नसेल तर अर्ज घ्यावाच लागतो.

"झालाय," बाई ठामपणे म्हणाल्या. "त्याच दिवशी. माझ्या भावानेच सांगितलं मला."

बाई साक्षीदार होत्या, म्हणून त्या सभेच्या फाइलला हात लावायची त्यांना मनाई होती. आयुष्यात एकदाच त्यांनी कागद न पाहता कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला, तोही पाठच्या भावाच्या. आता अधिकाऱ्यांनी स्वतः फाइल त्यांच्या हातात दिली. बाईंनी इतिवृत्त वाचलं आणि फाइल माझ्याकडे सरकवली. दुसरा ठराव मतदानाला आलाच नव्हता. गणपूर्तीला एक सदस्य कमी पडला होता. सभागृह सोडून गेलेल्यांत एकच नाव होतं.

बाईंनी तिथूनच भावाला फोन लावला. आवाज मला ऐकू येत होता.

"ताई, हटवला ना त्याला? कायमचं कशाला संपवायचं माणसाला? उद्या आपलंही काम पडतं."

"मग बंदी घातली असं मला का सांगितलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि त्याचा आवाज कसा, तर आजारी माणसाची समजूत घालावी तसा.

बाईंनी फोन ठेवला. त्या पानाची नक्कल काढली, ओळ न् ओळ ताडून पाहिली, शिक्का मारून सही केली आणि अधिकाऱ्यांकडे दिली. अर्ज मंजूर झाला. अध्यक्ष जाताना म्हणाले, "भावाला नमस्कार सांगा."

मी पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

"लेकीला चार वर्षं सांगत आले," त्या म्हणाल्या, "की तुझं लग्न मोडलं खरं, पण तो माणूस पुन्हा कधी त्या खुर्चीवर बसणार नाही. आज घरी जाऊन तिला काय सांगू?"