हळदीचे टी-शर्ट छापायला आर्वी ते वर्धा

कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात निम्मं पॉलिस्टर असलेले टी-शर्ट छापायला निघणं, याहून पुण्यप्रद यात्रा आमच्या घराण्यात अजून घडलेली नाही. माझ्या भाचीची, मयुरीची हळद जवळ आली होती. तिने मोबाइलवरून मिश्र कापडाचे मोतिया रंगाचे टी-शर्ट मागवले होते, शिवाय नाचणाऱ्या बहिणींसाठी बिनबाह्यांचे टँक टॉप. छपाई तेवढी वर्ध्यात करायची होती. तिचे बाबा, म्हणजे माझा दादा, आर्वीच्या बाजारात कापसाचा दलाल. असलं कापड अंगाला लावणार नाही, असं त्याने जेवताना जाहीर केलं. मयुरीने मला बाजूला घेतलं.

"आत्या, बाबानं नाई घातला तं माह्या हळदीत मजा नाई. तू त्याईले संगं घेऊन जाय."

दादा 'फक्त पाहायला' म्हणून आला. आर्वीहून वर्ध्याला एसटी मिळते. सकाळचीच पकडा, ऊन चढल्यावर खिडकीची सीट ही शिक्षा असते. बायकांना तिकीट अर्धं. मला अर्धं आणि त्याला पूर्ण, एवढ्यावरून तो वाटेतल्या खरांगण्यापर्यंत फुगून बसला. वर्ध्याला उतरून तर्री-पोहे खाल्ले. तर्री वेगळी मागून घ्या, नाहीतर वाढणारा चेहरा पाहून तिखट ठरवतो. दादाला त्याने भरपूर ओतली.

छपाईचं दुकान बाजारातल्या गल्लीत, एका खोलीचं. टँक टॉपवर एकच चित्र होतं, त्यामुळे त्या टॉपना जाळीवरची, म्हणजे स्क्रीनची छपाई स्वस्त पडत होती. टी-शर्टवर मात्र 'नवरीची आत्या', 'नवरीचा मामा' अशी प्रत्येकाची पदवी वेगळी. दर पदवीला नवी जाळी करायची तर लग्नाहून छपाई महाग. म्हणून दोन उपाय उरले: फिल्मवर छापून गरम इस्त्रीने चिकटवायचं, किंवा कागदावरचा रंग उष्णतेने थेट धाग्यात उतरवायचा. दुकानदाराने दोन्ही नमुने काढले आणि म्हणाला, धुऊन वाळवून दाखवतो, तोवर फिरून या.

मग आम्ही जवळच्या पवनारला, आश्रमाकडे गेलो. ऑटोवाल्याशी जाण्यायेण्याचं आधीच ठरवा. धाम नदीकाठच्या दगडावर बसलो. समोरून खादीतली माणसं जात होती आणि माझ्या पिशवीत पॉलिस्टर होतं. मी हे हसत बोलून दाखवलं. दादा हसला नाही.

"जल्मभर लोकायचा कापूस पारखला मी," तो म्हणाला. "घरच्या लग्नाचा कपडा घेताना पोरीनं मले इचारलंच नाई."

मला एकदम वाईट वाटलं. सकाळपासून मी त्याची मनातल्या मनात टर उडवत होते. कापड तर आलं, पण छपाई अजून तुझ्याच हातात आहे, एवढंच मी म्हटलं. तो उठला आणि माझ्याआधी ऑटोत जाऊन बसला.

दुकानात परतल्यावर तो एकदम दलाल झाला. नमुने ताणले, चुरगाळले, उजेडात धरले. चिकटवलेली अक्षरं ठसठशीत होती, पण छातीवर मलमपट्टी लावल्यासारखी लागत होती. दुसरी मऊ, पण एकाच धुण्यात फिकी.

"काका, हा रंग पॉलिस्टरलेच धरते," दुकानदार म्हणाला. "सुती धागा कोराच राह्यते. धुता धुता अजून फिका दिसन."

दादाने सगळ्यांसाठी चिकटवलेली अक्षरं पसंत केली. मग स्वतःच्या टी-शर्टवर बोट ठेवलं.

"माह्यावर हे फिकं छापा. एका दिवसाचा तं मान आहे."

म्हणजे तो घालणार होता. मी लगेच बाहेर येऊन मयुरीला फोन केला. येताना वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं घेतली. तुम्हीही घ्या, घरी पोचेपर्यंत पुडा फोडू नका. आम्ही फोडला.

हळदीला दादा सगळ्यांत आधी तयार होऊन बसला. मयुरीने हळदीचा अख्खा पंजा 'नवरीचा बाप'वर उमटवला. मला वाटलं, टी-शर्टचं काम संपलं.

मयुरी सासरी गेल्यावर मात्र तो टी-शर्ट दादाच्या अंगावरून उतरेना. वहिनीने घासून घासून धुतला. अक्षरं जवळजवळ गेली, हळदीचा पंजा राहिला. परवा दादा माझ्याकडे आला, घडी केलेला टी-शर्ट टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "वर्ध्याले गेलीस तं हे पक्कं छापून आणजो. हळदीले धक्का लावू नको म्हण त्याले."