हिल्मा आणि बुडालेला बोया

आमच्या धक्क्यावर खेकड्यांचा पिंजरा लावायला शिकायचं, तर हिल्मा निएमीची बोलणी खावी लागतात. वय एकोणऐंशी, शिकवणी फुकट, त्यामुळे जिभेला लगाम नाही.

परवा डेल्बर्ट आला. नुकताच निवृत्त झालेला दातांचा डॉक्टर. आमिषाला त्याने चांगला सामन मासा आणला होता.

"समुद्रातल्या सील प्राण्यांना जेवायला बोलावलंयस का?" हिल्मा म्हणाली. "कोंबडीची तंगडी लाव. तिला ते सहसा तोंड लावत नाहीत."

त्याने तंगडी बांधली आणि सकाळच्या ओहोटीत होडीतून जाऊन पिंजरा सोडला. दोरीच्या वरच्या टोकाला खुणेचा लाल बोया तरंगत होता. परत येऊन म्हणाला, "दोरी अगदी तळापर्यंत पुरेल एवढीच कापली. उगाच गुंता नको." हिल्माने बोयाकडे एकदा पाहिलं आणि आपल्या पिंजऱ्याला आमिष बांधायला घेतलं.

दुपारी भरती आली आणि बोया दिसेनासा झाला.

"त्या निळ्या होडीवाल्यानेच उचलला," डेल्बर्ट तणतणला. "जाऊन विचारतोच त्याला."

"खाली बस. कुणाचं नाव घेऊ नकोस," म्हणत हिल्माने त्याच्या हातात कॉफी दिली.

संध्याकाळी पाणी उतरलं, तसा बोया होता तिथेच वर आला. डेल्बर्टचे कान लाल झाले.

"दोरी भरतीत आखूड पडणार हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझीही पहिली आखूडच होती. मी शेजाऱ्याला तोंडावर चोर म्हणाले, मग माफी मागायला गेले."

"मग?"

"मग काय, एक्केचाळीस वर्षं त्याचा स्वयंपाक केला."