पाच पौर्णिमा आणि एक मऊ सीट

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. कारण ही फजिती मला कुणी शिकवलेली नाही. ती मी पूर्णपणे स्वतःच्या अकलेनं केलेली आहे, आणि तीसुद्धा मोठ्या आत्मविश्वासानं.

लेकीला नर्सची नोकरी लागावी म्हणून मी माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलले होते. पाच पौर्णिमा दर्शनाला येईन, आमच्या ह्यांच्याबरोबर जोडीनं, आणि तेही मोटारसायकलवर. मोटारसायकल कशाला, असं विचाराल. अहो, एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट. अर्ध्या तिकिटावर केलेला नवस देवीनं पूर्ण कसा धरायचा? म्हणून मी आपली पक्कं बोलून बसले. तीन महिन्यांत लेक, आमची पूजा, नोकरीला लागली.

आता अनसिंगहून माहूर म्हणजे पुसदवरून जवळजवळ शंभर किलोमीटर, आणि तेवढंच परत. पहिल्या पौर्णिमेला गेलो, दर्शन सुरेख झालं. पण घरी आल्यावर हे गाडीवरून उतरले ते बसल्या आकारातच उतरले. अंगणात तसेच वाकून उभे.

"पूजाची माय, बाकीच्या चार पौर्निमा तू पाहून घे. मी काई येत नाई."

"अहो, जोडीनं बोलली ना मी."

"मले इचारून बोलली होती का? ते सीट हाय का दगड हाय? देवीले सांग, जोडीतला एक मोडला म्हना."

लेकीची नोकरी घ्यायची आणि नवस अर्ध्यात सोडायचा? पण मी हातपाय गाळून बसणारी नाही. कंबर सीटमुळे दुखते ना, मग सीट बदलू. दुसऱ्याच दिवशी ह्यांना घेऊन वाशीमला, सीट बनवणाऱ्याच्या दुकानात.

दुकानदार शांत माणूस. त्यानं तीन सीटा समोर मांडल्या. मी कणीक पाहावी तसा एकेकीत अंगठा दाबून पाहिला. पहिलीत अंगठा जाईना. दुसरीत थोडा गेला. तिसरीत अंगठा कसला, अख्खं मनगट गेलं.

"हेच द्या."

"ताई, हे गावातल्या गावात फिराले ठीक हाय. लंबं जायचं असन तर पहिली घ्या. कडक लागते, पन मांगून रुंद हाय, वजन सारखं पसरते. नरम सीट अर्ध्या घंट्यात दबून जाते."

"दादा, म्या आजवर पन्नास गाद्या भरून घेतल्या. गादी कशाले म्हनते ते मले नका सांगू."

"गादीवर झोपतात ताई. हिच्यावर बसा लागते."

हे मध्येच म्हणाले, "पहिलीवर बसून तं पाहू दे."

"बसून काय पाहाचं? हाताले समजते."

ह्यांनी दुकानदाराकडे पाहिलं, दुकानदारानं छताकडे पाहिलं, आणि मऊ सीट गाडीवर चढली. घरी आणून मी तिला हळदकुंकू वाहिलं. देवीला म्हटलं, आता काळजी करू नको.

दुसरी पौर्णिमा. पहिले दहा किलोमीटर म्हणजे अगदी पाळणा. मी मागून विचारलं, "कसं वाटते?" हे म्हणाले, "मस्त हाय." मी देवीचं नाव घेतलं, आणि थोडं स्वतःचंही.

पुसदचा घाट लागला तोवर फोम असा बसला की खालचा पत्रा हाडाला लागू लागला. सीटच्या मधोमध खळगा. मी घसरून ह्यांच्यावर, हे घसरून टाकीवर. पुढे तर दर गावाला थांबावं लागलं. उतरायचं, शंभर पावलं चालायचं, कंबरेवर हात ठेवून आभाळाकडे पाहायचं, परत बसायचं.

एका फाट्यावर चहाच्या टपरीवाली बाई हे सगळं निरखत होती. माझ्या हातातली ओटीची पिशवीही तिनं पाहिली.

"बाई, हे कोन्तं व्रत हाय वं? दर गावाले उतरून चालाचं?"

आता काय सांगणार? हे बाजूलाच उभे, आणि सीट कुणी निवडली ते त्यांच्या ओठांवर आलेलं. मी घाईघाईनं म्हटलं, "हो, नवस हाय, पाच पौर्निमेचा. पोरीच्या नोकरीचा."

"लागली का मंग?"

"लागली."

बाईनं हातच जोडले. तिची सून अंगणवाडीच्या जागेची वाट पाहत होती.

गाडी सुरू करता करता हे म्हणाले, "तू पोथीले तीन घंटे बसतं, तवा खाली काय घेतं?"

"पाट."

"लाकडाचा का फोमचा?"

माहूर येईपर्यंत मी देवीचं नाव घेतलं, फक्त देवीचं.

परत वाशीम. ती पहिली कडक सीट दुकानदारानं आम्हाला येताना पाहूनच झटकून बाहेर ठेवली.

आणि काय सीट हो ती! तिसऱ्या पौर्णिमेला घाट चढून गेलो तरी हे मजेत शीळ घालताहेत. "आता पाच काय, अकरा पौर्निमा करू," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. नवस तडीस जाणार होता.

तेवढ्यात तो फाटा आला. टपरीसमोर सात-आठ बायका, हातात नारळ आणि खण.

"उतरा बाई, उतरा. माह्या सुनेचं काम झालं. आमी बुढाबुढी गाडीवर तुमच्यावानीच दर गावाले उतरत, चालत माहूरले जाऊन आलो ना."

"बाई, ते व्रत नव्हतं वं. ते सीट..."

"कायची सीट?"

तिच्या मागे सून उभी होती, डोळे भरून, वाकून नमस्काराला आलेली. मी गुपचूप ओटी घेतली.

"अन् पुढच्या गावाले माही बहीन उभी हाय. त्याच्या पुढच्या गावाले तिची नणंद. म्या समद्याईले फोन केला. कोनालेच नाराज नका करजा."

माहूरला पोचेपर्यंत अकरा वेळा उतरलो. अकरा ओट्या, अकरा वेळा शंभर पावलं. हे कंबर धरून चालताहेत, आणि बायका त्यांच्याकडे बोट दाखवून एकमेकींना सांगताहेत, पाहा, किती भक्तिभावानं चालतात. देवीपुढे मी कान धरले. ती रागावली असेल असं मला वाटत नाही.

अजून दोन पौर्णिमा बाकी आहेत. लांबच्या प्रवासासाठी सीट कोणती घ्यावी, ते आता मला डोळे मिटून विचारा. आमची तर इतकी सुखाची आहे म्हणून सांगू. फक्त तिच्यावर बसायला मिळत नाही.