एका प्रेक्षकाची मॅच

“मॅडम, आमची क्रिकेटची फायनल सकाळी नाही, उद्या दुपारी चारला,” शेंद्र्यातल्या कंपनीचे एचआर मॅनेजर जोशीसाहेब फोनवर म्हणाले. “अर्जंट ऑर्डर आलीय. पहिली शिफ्ट सुटल्याशिवाय बॅट्समन मिळत नाहीत.”

मी तेव्हा गंगापूरच्या मैदानावर खो-खोची सेमीफायनल आटोपून वायर गुंडाळत होते. दुसऱ्या दिवशी चारलाच तिथं मुलींची फायनल होती. दोन्ही मॅच लाइव्ह दाखवायच्या आणि युनिट एकच. युनिट म्हणजे दोन कॅमेरे, ते जोडणारा मिक्सर, चार सिमकार्डं घातलेला इंटरनेटचा डबा, कॅमेरामन इम्रान आणि कॉमेंट्री करणारी मी. गंगापूरहून शेंद्र्याला जायचं तर अख्खं शहर मध्ये येतं.

गावोगावचे सामने यूट्यूबवर दाखवायचं काम मी आठ वर्षं करतेय. लोकांना वाटतं, माझं काम माइकवर बोलायचं. खरं काम शेड्यूल लावायचं, म्हणजे कुणाला तरी गोड बोलून पुढं-मागं सरकवायचं. त्यात मी स्वतःला फार हुशार समजायचे.

लगेच खो-खोच्या आयोजकांना गाठलं. “प्रमुख पाहुण्यांना तीनला निघायचंय ना? मग फायनल एकलाच घ्या. बक्षीस समारंभ निवांत होईल.” पाहुण्यांचं नाव काढलं की आपल्याकडे काहीही हलतं. त्यांनी तिथल्या तिथं माइकवरून जाहीरही करून टाकलं. एकला खो-खो, चारला क्रिकेट. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तेवढ्यात रेणुका आली. गंगापूरच्या संघातली सोळा वर्षांची पोर. मामाकडे राहून शिकते, आई-वडील मेंढ्या घेऊन लांब डोंगरपट्ट्यात असतात.

“मॅडम, आबा चारला बघणार व्हते.”

आठवड्यापूर्वी तिनंच मला वडिलांशी, भिवादादांशी, फोन जोडून दिला होता. “ताई, चारलाच दावा,” ते म्हणाले होते. “चारला मेंढरं तळ्यावर येत्यात, तिथंच रेंज असती. बाकी दिसभर फोन नुसता खिशाला भार.” त्यांनी लेकीचा खेळ एकदाही बघितला नव्हता. मी “नक्की दादा” म्हणाले होते आणि विसरूनही गेले होते.

“मॅच झाल्यावर लिंकवर असतेच गं,” मी म्हटलं. “चारला बघतील की.”

“झालेलं नाय बघायचं म्हणत्यात. तू पळत असशील तवाच बघीन, म्हणत्यात.”

मी परत आयोजकांकडे गेले. पण पाहुण्यांना निरोप गेला होता. आता वेळ हलणं शक्य नव्हतं. शरमेपोटी मी रेणुकाला सांगून टाकलं, “चारला लाइव्हच दाखवते. तू फक्त आबांचं बघून होईपर्यंत त्यांना फोन करू नकोस.”

फायनल एकला झाली. मार्चचं ऊन चटके देत होतं. रेणुका तीन मिनिटं बाद न होता पळाली, तरी संघ एका गुणानं हरला. मी कॉमेंट्री केली, म्हणजे पाहुण्यांची नावं घेतली, पुरस्कर्त्यांची नावं घेतली आणि सारखं घड्याळ बघितलं. दोनला आम्ही जीपमध्ये होतो. वाटेत भाऊंना फोन लावला. भाऊ म्हणजे आमच्या चॅनेलचे मालक.

“चारला एक वेगळी लिंक लावतेय. एका माणसासाठी.”

“एकच व्ह्यूअर? मॅडम, ऊन लागलं का तुम्हाला?”

“लागलंय.”

“अन् क्रिकेटवर बोलणार कोण?”

ते मलाही ठाऊक नव्हतं. शेंद्र्याला पोचल्यावर जोशीसाहेबांना विचारलं, “सर, पहिली इनिंग तुम्ही घ्याल?” त्यांनी आढेवेढे घेतले आणि खिशातून शेरोशायरीची चिठ्ठी काढली. माणूस तयारीनिशी आला होता. इम्रान म्हणाला, “हो जाता मॅडम, टेन्शन नक्को.”

मी जीपच्या मागच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेतला. खो-खोचं रेकॉर्डिंग लावलं, वर ‘लाइव्ह’ची लाल पट्टी टाकली आणि लिंक भिवादादांना पाठवली. आवाज मात्र बंद करावा लागला, कारण मी त्यात तीनदा “दुपारचा एक वाजलाय” म्हणाले होते. म्हणून नव्यानं बोलायचं ठरवलं. चार वाजून सहा मिनिटांनी प्रेक्षकांच्या आकड्यात शून्याचा एक झाला. मी बोलायला लागले.

आणि तेव्हा मी ती मॅच पहिल्यांदा बघितली. खांबाला वळसा घालताना रेणुका दर वेळी आमच्या कॅमेऱ्याकडे एक नजर टाकत होती. आबा बघणार होते ना! एक वाजता मी ते बघितलंच नव्हतं. निकाल ठाऊक असून शेवटच्या मिनिटाला मी “पळ रेणुका, पळ” असं ओरडले. कॉमेंटेटरनं कुणा एकाची बाजू घ्यायची नसते.

मॅच संपताच फोन वाजला. भिवादादा होते.

“ताई, लई ग्वाड बोलल्या. पोर वाऱ्यावानी पळती.” मग म्हणाले, “खेळ दुपारचाच हाय ना?”

“रेणुकानं सांगितलं?”

“नाय वो. सावली बघितली. पोरीची सावली गुडघ्याएवढी. हितं माझी सावली माझ्याहून लांब पडलीय.”

“चुकलं दादा. वेळ मीच बदलायला लावली.”

“मंग तसं सांगायचं की. म्या तरी बी बघितलंच असतं.”

“पण रेणुका म्हणाली, तुम्ही झालेलं बघत नाही.”

“लेकराला म्हणत असतो तसं. तिला हुरूप येतो.” मागून मेंढ्यांचा गलका येत होता. “तिला म्हणावं, आबाला फोन लाव. हारलीय, रडत असंल.”

मी रेणुकाला फोन केला. ती खरंच रडत होती.

क्रिकेटची दुसरी इनिंगही जोशीसाहेबांनीच घेतली. माइक सोडायला ते तयार नव्हते आणि मीही मागितला नाही. झालेल्या मॅचवर लाल पट्टी मी पुन्हा कधी लावली नाही. आमच्या शेड्यूलच्या कागदावर मैदान, वेळ आणि संघ यांच्यापुढं आता एक रकाना जास्त आहे, ‘घरून कोण बघणार?’ वेळ बदलायच्या आधी तो वाचायचा. भाऊ म्हणतात, तो रकाना उगीच जागा खातो, काढून टाका. अजून काढलेला नाही.