बावन्न फेऱ्यांचा ड्रायव्हर

नागोरावांनी सत्तावीस वर्षं उमरखेड-यवतमाळ एसटी चालवली. महागाव, आर्णी, यवतमाळ, आणि उलट. त्या रस्त्यावरचे खड्डे ते नावानिशी ओळखत. त्यांचा जोडीदार कंडक्टर फकिरा म्हणायचा, खड्डेसुद्धा यांना उठून जयभीम घालतात.

गेल्या वर्षीच्या तपासणीत डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं अजून लख्ख दिसत होतं, पण डावीकडची, कडेची नजर गेली होती. कधी गेली, हे त्यांनाही कळलं नव्हतं. नोकरीची तीन वर्षं उरली होती, म्हणून त्यांना स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. पगार तोच, खाकी तीच. फक्त गाडी कधी लागेल ते सांगायचं, लावायची दुसऱ्यानं.

घरी ते बोलेनासे झाले. कांताबाईंनी एकदा मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही, तर ती तशीच खाऊन उठले. तेव्हा मात्र त्या घाबरल्या. लेक अपेक्षा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायची. तिनं तिथल्या मैत्रिणीकडून मोटारींच्या शर्यतीचा गेम आणि त्याचं जुनं स्टेअरिंग मागवलं, पायाखालच्या ब्रेक-ॲक्सिलेटरसकट. टीव्हीला जोडून बापाला समोर बसवलं.

गेम सुरू होण्याआधी दोन गोष्टी विचारतो. शर्यत किती फेऱ्यांची, आणि गाडी किती खरी. अपेक्षानं मधला मार्ग काढला होता. फेऱ्या पाच, पण टायरची झीज दहापट. म्हणजे थोड्या वेळात टायर बदलायला थांबणं वगैरे अख्ख्या शर्यतीची मजा येते.

"पाच फेऱ्यांत टायर झिजते?" नागोराव म्हणाले. "लाकडाचं आहे का?"

पाच फेऱ्या म्हणजे गाडी आगारातून काढून धुवायला नेण्याइतकं अंतर, असं त्यांचं मत पडलं. खरी शर्यत बावन्न फेऱ्यांची असते ना, मग बावन्नच. दीड तास, म्हणजे उमरखेडहून आर्णी. आणि गाडी शंभर टक्के खरी. धडकली तर मोडली पाहिजे, ब्रेक आपला आपण दाबला पाहिजे. नाहीतर त्याला गाडी कायले म्हणायचं, पाळणा म्हणा.

आठ दिवस ते दुसऱ्या फेरीच्या पुढं गेले नाहीत. दर वेळी डावीकडून कुणीतरी यायचं आणि गाडीचा चुराडा व्हायचा. पहिल्या दिवशी दोष टीव्हीच्या कोनाचा निघाला, दुसऱ्या दिवशी कांताबाईंच्या सावलीचा. मग बाजूची निळी गाडी रोजच आडवी येऊ लागली, तेव्हा हा नक्की ट्रॅव्हल्सवाला आहे, असं त्यांनी जाहीर केलं. नवव्या दिवशी ते स्टेअरिंगसमोर बसले, पण गेम सुरूच केला नाही. कांताबाईंनी स्वयंपाकघरातून लेकीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते खिडकीवर गेले असताना अपेक्षानं गेममध्ये हात घातला. धोका दिसला की ब्रेक आपोआप लागेल, वळणावर स्टेअरिंग थोडं स्वतःच वळेल, घासलं तरी गाडी मोडणार नाही, बाकीचे जरा हळू धावतील. फेऱ्या मात्र बावन्न ठेवल्या. अख्ख्या बावन्न आणि अख्खा खरेपणा, दोन्ही गोष्टी बापाच्या वाट्याला येणार नव्हत्या. तिनं फेऱ्या ठेवल्या.

त्या संध्याकाळी नागोराव बावन्न फेऱ्या मारून सातवे आले. मग ड्युटीवरून आल्यासारखे हातपाय धुतले आणि भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाले. कांताबाई पदर तोंडाला लावून मोरीकडं गेल्या.

दोन महिने घर चांगलं चाललं. संध्याकाळी साडेसहाला गाडी सुटायची. टायर बदलायला गाडी थांबली की त्या तेवढ्या सेकंदांत चहा तयार लागायचा, आणि कप हातात येईपर्यंत गाडी निघालेली असायची, म्हणून कांताबाई बोलणी खायच्या. खिडकीवर चौकशीला येणाऱ्यांनाही नागोराव आपला नंबर सांगू लागले. सकाळची गाडी विचारायला आलेल्या एका मास्तरांना, काल आपण चौथे आलो, हे ऐकून घ्यावं लागलं.

आणि एके दिवशी ते कागद घेऊन घरी आले. पुन्हा गाडी मिळावी म्हणून त्यांनी फेरतपासणीचा अर्ज केला होता. फकिरानं खेटे घालून तो पुढं सरकवला होता, आणि सोमवारी यवतमाळला बोलावणं आलं होतं.

"दोन महिन्यांत एक ठोकर नाही," ते कांताबाईंना सांगत होते. "डोळा सुधरून राह्यला. नाहीतर एवढं जमलं असतं काय?"

अपेक्षा लॅपटॉपवर मान घालून बसली. तपासणीत समोर लावतात तो अक्षरांचा तक्ता बाप पाठ म्हणायचा, हे तिला ठाऊक होतं. तो नापास होईल याची भीती तिला वाटली नाही. पास झाला तर, याची वाटली.

रविवारी दुपारी कडक इस्त्रीची खाकी दाराला टांगलेली होती आणि नागोराव स्टेअरिंगवर बसले होते. तिनं त्यांच्या बाजूला स्टूल ओढलं.

"बाबा, हा ब्रेक तुमचा नाही. मशीन लावते. पहिल्या बावन्न फेऱ्यांपासून. मीच तसं केलं."

नागोराव पडद्याकडंच पाहत राहिले.

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "सत्तावीस वर्षं ब्रेक दाबला, माय. पायाच्या आधी गाडी थांबते, हे त्याच दिवशी समजलं."

"मंग अर्ज काहून केला?"

"तू सांगशील म्हणून वाट पाहत होतो. आज सांगशील, उद्या सांगशील. तू काही बोललीच नाही. मंग मले वाटलं, मशीन थोडंसंच करत असंल. बाकी मीच."

अपेक्षानं नाक ओढलं.

"लाव सगळं खरं," ते म्हणाले.

"किती फेऱ्या?"

"पाच लाव."

पहिली फेरी त्यांनी जीव ओतून मारली. मान डावीकडं वळव, समोर आण, पुन्हा वळव. गाडी कुठं घासली नाही. आपण मनात नेमकं काय मागतोय हे अपेक्षाचं अपेक्षालाच कळत नव्हतं. दुसऱ्या फेरीत लांब सरळ रस्ता आला. तो संपताना मागच्याला वाट द्यायला त्यांनी गाडी डावीकडं घेतली, जशी आयुष्यभर घेत आले तशी. धाडकन आवाज झाला. एक चाक निखळून मैदानात गेलं आणि गाडी रस्त्यात आडवी झाली. बाकीच्या गाड्या तिला वळसा घालून जात राहिल्या.

"डावीकडून होती का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एकदम घुसली?"

खोटं बोलायला अजून जागा होती. अपेक्षानं मान हलवली. "नाही बाबा. त्या अख्ख्या सरळ रस्त्यावर होती. तुमच्या बरोबरीनंच चालत होती."

नागोरावांचे हात स्टेअरिंगवरच होते.

"महागावले कॉलेजच्या पोरी डाव्या अंगानंच चढतात," ते म्हणाले. मग उठले, दाराची खाकी काढली आणि घडी घालून कपाटात ठेवली.

सोमवारी ते यवतमाळला गेले नाहीत. आगारात जाऊन अर्ज मागं घेतला आणि खिडकीत बसले. फकिरानं एवढे खेटे घातले होते, तो दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही. त्यालाही त्यांनी कारण सांगितलं नाही.

अपेक्षानं घाबरत विचारलं, पहिल्यासारखं करून देऊ का, बावन्न फेऱ्या, मशीनच्या ब्रेकच्या. ते नको म्हणाले. दोन लाव, पण खऱ्या.

आता रोज संध्याकाळी दोन फेऱ्या होतात. बहुतेक वेळा दीडच. गाडी धडकली की पुन्हा सुरू करायचं बटण पडद्यावर येतं, ते नागोराव दाबत नाहीत. दुसरी गाडी कोणत्या बाजूनं आली होती, तेवढं लेकीला विचारतात, आणि ती सांगते. किती वेळ सोबत चालत होती, हे ते विचारत नाहीत.