उजवीकडचा स्पीकर

बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने स्पीकर घेतले होते. पेट्या चांगल्या लाकडाच्या, आत मात्र कंपनीने हात आखडता घेतलेला. पेटीत क्रॉसओव्हर नावाचं एक छोटं सर्किट असतं. ते जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे पाठवतं आणि बारीक आवाज छोट्याकडे. आमच्या पेट्यांत त्या जागी एक वाटाण्याएवढा कपॅसिटर आणि दोऱ्यासारखी बारीक कॉइल होती. बघून माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याची कामचोरी मला सहन होत नाही, स्वतःची होते.

मलकापुरात माझं रिपेअरिंगचं दुकान आहे. पुण्याची नोकरी सोडून आलो त्याला सहा वर्षं झाली. गल्लीने तेव्हा मला येडा ठरवलं. बाबा मात्र मी आल्यावर बरं-वाईट काही बोलले नाहीत. दुकानाबद्दलही आजवर एक शब्द नाही. त्यांनी तीस वर्षं जिनिंगमध्ये कापूस चिमटीत ओढून त्याचा दर्जा सांगितला, आणि त्यांचा शब्द कुठला व्यापारी मोडत नसे. माझं काम चांगलं आहे, हे मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हणून एकाच पेटीत नवा क्रॉसओव्हर बसवला. जाड तांब्याची कॉइल, भारी कपॅसिटर, सोल्डरचे डाग माझ्या हातचे. दुसरी पेटी कंपनीची तशीच ठेवली. नवी उजवीकडे मांडली, बाबांना मधोमध खुर्ची दिली आणि एकच भजन आलटून पालटून दोन्हीकडून लावलं.

"उजवीकडचा," बाबा म्हणाले. "साफ हाय. डावा दबून राह्यला."

मी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण पक्कं करायची खाज. त्यांना डोळे मिटायला सांगून पेट्यांची अदलाबदल केली.

"उजवीकडचा," बाबा म्हणाले.

आता उजवीकडे कंपनीची पेटी होती. आवाज आदळून परततो म्हणून मी कपाटाला दोष दिला आणि ते सरकवलं. मग पडदे काढले. उजवीकडचाच. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "घर बदलून राह्यला का बे?"

"बाबा, तुमी मुद्दाम करून राह्यले काय?" मी चिडून म्हणालो.

"मले जे ऐकू येते ते सांगून राह्यलो."

शेवटी खुर्चीच फिरवली. बाबा निमूटपणे भिंतीकडे तोंड करून बसले. भजन लावलं.

"उजवीकडचा," ते भिंतीला म्हणाले.

पेट्या जागच्या जागी होत्या. फक्त बाबांचा उजवा हात आता दुसऱ्या पेटीकडे होता. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन साध्या आवाजात विचारलं, "बाबा, चहा घेता?" ते भिंतीकडे पाहत राहिले. चहाच्या बाबतीत असं कधी झालेलं नाही.

आई दारात येऊन उभी होती. "जिनिंगची मशीन डाव्या हातालेच होती त्याईच्या," ती म्हणाली. "तो कान जाऊन धा वर्षं झाले."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"मले वाटलं, तुले माहीत असन."

मला शरम वाटली, आणि रागही आला. कोणाचा ते ठरवता येईना. जेवायला आमच्या जागा ठरलेल्या आहेत. आई बाबांच्या उजवीकडे, मी डावीकडे. सहा वर्षांपूर्वी सुटीत आलो होतो, तेव्हा तिथंच बसून मी विचारलं होतं, नोकरी सोडून इथं दुकान टाकू का? बाबा "हाव" म्हणाले आणि भाकरीला हात घातला. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा पाठवला.

मी स्टूल ओढून त्यांच्या उजवीकडे बसलो. "बाबा, नोकरी सोडू का म्हणून मी तुमाले विचारलं होतं. तुमी हाव म्हणले."

"मले कोनी नाही विचारलं. तू एक दिवस सामान घेऊन आला."

"विचारलं होतं. जेवताना. डावीकडून."

बाबांनी डावा कान चोळला. "तिकून काही आलं का मी हाव म्हणतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ऐकू आलं असतं त नाहीच म्हटलं असतं मी."

त्यांनी कापूस बघावा तसा माझा हात हातात घेतला आणि सोल्डरिंगने भाजलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला.

"बरं झालं," ते म्हणाले, "डावीकडून विचारलं."